उभ्यानें भरणारी सभा

आमच्या घरीं रोज सकाळीं पावणेदहा वाजतां एक सभा भरते. तिला अध्यक्ष नाहीं, पाहुण्यांचा परिचय नाहीं, आभारप्रदर्शन नाहीं, आणि मुख्य म्हणजे खुर्ची नाहीं. आमची सूनबाई देवघराशेजारच्या लहान खोलींत जाते, कपाटाच्या वरच्या फळीवर आपला संगणक ठेवते, कानांत तें बोंडासारखें यंत्र घालते आणि उभ्यानें बोलूं लागते. पडद्यावर आठ चेहरे असतात. कोणी बंगळुरास, कोणी हैदराबादेस, दोघे येथेंच पुण्यांत. प्रत्येकजण चार वाक्यें बोलतो. दहा वाजण्यापूर्वीं सगळें आटोपतें आणि सूनबाई संगणक उचलून पुन्हां मेजाशीं बसते. २०२० सालच्या टाळेबंदींत हा प्रकार आमच्या घरांत प्रथम शिरला. टाळेबंदी गेली, तरी आठवड्यांतून तीन दिवस ती घरूनच काम करते. त्यामुळें सभाहि राहिली.

माझी पूजा त्याच सुमारास चालते. मध्यें एक भिंत आहे, पण ती आजकालच्या बांधकामाची आहे. दुसऱ्याचें बोलणें चोरून ऐकूं नये, असें मीं अडतीस वर्षें मुलांना शिकविलें. परंतु जें आपोआप कानांवर येतें, त्याला कोणी काय करावें? मी जुन्या अकरावीचा, १९७४ सालचा मॅट्रिक. इंग्रजी वाचलें तर समजतें, वेगानें बोललेलें निसटून जातें. तरीहि एक शब्दप्रयोग माझ्या लक्षांत राहिला, कारण जवळजवळ प्रत्येकाच्या बोलण्याचा शेवट त्यानेंच होई : 'नो ब्लॉकर्स'. पूजेच्या अखेरीस पळीनें पाणी सोडतांना आपण जसें ठराविक कांहीं म्हणतों, तसेंच हें ठराविक म्हणणें. हा त्यांच्या विधीचा समाप्तिमंत्र असावा, अशी माझी पुष्कळ दिवस समजूत होती. पुढें कळलें कीं ती समजूत अगदींच चुकीची नव्हती.

एका संध्याकाळीं ती गवारीच्या शेंगा मोडीत बसली असतां मीं विचारलें, "सूनबाई, ही तुमची सकाळची उभी प्रार्थना कसली ?" ती हंसली. म्हणाली, "बाबा, तिला 'डेली स्क्रम' म्हणतात. पंधरा मिनिटांच्या पुढें जावयाचें नाहीं असा नियम आहे. उभें अशासाठीं राहावयाचें, कीं पाय अवघडले म्हणजे माणूस थोडक्यांत बोलतो." हें कारण मला फार आवडलें. आमच्या वेळीं शिक्षक-सभेला खुर्च्या नसत्या, तर माझ्या आयुष्याचे किती तास वांचले असते, याचा हिशेब मीं मनांतल्या मनांत करून पाहिला. मग चार-पांच संध्याकाळीं मीं तिच्याकडून हा विषय सवडीनें शिकून घेतला. शिकविणाऱ्यानें शिकण्यास बसावें, यांत एक निराळेंच सुख असतें.

तिनें सांगितलें तें असें. पूर्वीं संगणकाचें मोठें काम हातीं घेतलें, म्हणजे आधीं गिऱ्हाइकाच्या सगळ्या गरजा लिहून काढावयाच्या, मग आराखडा, मग प्रत्यक्ष लेखन, मग तपासणी, अशा एकाखालीं एक पायऱ्या असत. धबधब्याचें पाणी खालीं जातें, तें पुन्हां वर येत नाहीं; तशी ही रीति, आणि तिला नांवहि धबधब्याचेंच पडलें. वर्ष-दोन वर्षांनीं वस्तु तयार होई, तोंवर गिऱ्हाइकाची गरज बदललेली असे, किंवा ती मुळांतच नीट समजलेली नसे. या प्रकाराला कंटाळलेले सतरा जण २००१ सालच्या फेब्रुवारी महिन्यांत अमेरिकेंतील यूटा संस्थानांत, स्नोबर्ड नांवाच्या बर्फाळ डोंगरावरील विश्रामस्थानीं जमले आणि त्यांनीं एक लहानसा जाहीरनामा काढला. साधनांहून माणसें व त्यांचें परस्परांशीं बोलणें मोठें, जाडजूड कागदपत्रांहून चालती वस्तु मोठी, कराराच्या घासाघिशीहून गिऱ्हाइकाशीं सहकार्य मोठें, आणि आधीं ठरविलेल्या बेताला चिकटून राहण्याहून बदल ओळखून वळणें मोठें, असा त्याचा आशय. या पद्धतींना 'ॲजाइल', म्हणजे चपळ, असें नांव त्यांनीं दिलें.

'स्क्रम' हा शब्द त्याहून जुना. रग्बीच्या खेळांत दोन्ही बाजूंचे गडी डोकीं खालीं घालून, खांद्याला खांदा भिडवून चेंडूसाठीं रेटा देतात, तो स्क्रम. ताकेउची आणि नोनाका या दोन जपानी विद्वानांनीं १९८६ सालीं अमेरिकेंतील हार्वर्डच्या एका व्यापारविषयक नियतकालिकांत लिहिलें, कीं नवी वस्तु घडविणें हें एकानें दुसऱ्याच्या हातीं काठी देऊन मोकळें होण्याच्या शर्यतीसारखें नसावें; सगळ्यांनीं चेंडू एकमेकांकडे देत मैदान एकत्र ओलांडावें. त्यांतून हा शब्द जेफ सदरलंड आणि केन श्वाबर या दोघांनीं उचलला आणि १९९५ सालीं आपली रीति विद्वानांच्या परिषदेंत मांडली. काम लहान लहान फेऱ्यांत तोडावयाचें. फेरा एक महिन्याहून मोठा नसावा. सूनबाईच्या कचेरींत तो दोन आठवड्यांचा असतो. फेऱ्याच्या आरंभीं बेत, रोज सकाळीं ती उभी सभा, शेवटीं झालेली वस्तु गिऱ्हाइकास दाखविणें, आणि सर्वांत शेवटीं, आपल्याआपल्यांत बसून, मागें वळून पाहणें. "म्हणजे शुद्ध पक्ष आणि वद्य पक्ष," मीं म्हटलें. पंधरवड्याच्या बेतानें जगणें आपल्या लोकांना नवें नाहीं. आपल्या एकादश्या तशाच येतात.

येथें एक विषयांतर केल्यावांचून मला पुढें जाववत नाहीं. कोणतें काम केवढें, हें ठरविण्यासाठीं हे लोक पत्ते खेळतात. खरेंच पत्ते. जेम्स ग्रेनिंग नांवाच्या गृहस्थांनीं २००२ सालीं ही युक्ति काढली. प्रत्येकानें आपल्या मतें कामाचा आकार सांगणारा पत्ता पालथा ठेवावयाचा आणि सगळ्यांनीं एकदम उलटावयाचा; म्हणजे वडील माणसाचा आंकडा पाहून धाकटा आपला आंकडा बदलीत नाहीं. त्या पत्त्यांवर १, २, ३, ५, ८, १३ असे आंकडे असतात. सूनबाई म्हणाली, हे फिबोनाचीचे आंकडे. मी म्हटलें, "थांब. कागद आण." लघूची एक मात्रा आणि गुरूच्या दोन. एक मात्रा भरण्याची रीति एकच. दोन मात्रा भरण्याच्या दोन, तीनच्या तीन, चारच्या पांच, पांचच्या आठ, सहाच्या तेरा. मात्रावृत्तांची ही मोजणी विरहांकानें केली, हेमचंद्राचार्यांनीं ११५० च्या सुमारास केली. इटलीच्या फिबोनाचीचें पुस्तक १२०२ चें. ती कागदाकडे बराच वेळ पाहत राहिली. दुसऱ्या दिवशीं तिनें हें आपल्या सभेंत सांगितलें, आणि त्या दिवशीं सभा एकोणीस मिनिटें चालली असें कानांवर आलें.

आतां, हें सगळें सर्वत्र सुरळीत चालतें असा अर्थ वाचकांनीं करून घेऊं नये. सूनबाई पूर्वीं दुसऱ्या एका कंपनींत होती. तेथें साहेब स्वतः सकाळच्या सभेंत येऊन बसत. मग जो तो साहेबांकडे तोंड करून बोले. पंधरा मिनिटांचीं पन्नास होत. आणि ज्यानें अडचण सांगितली त्याची तेथल्या तेथें झडती होई. आठ दिवसांत सगळ्यांना एकच वाक्य पाठ झालें. तें वाक्य कोणतें, हें वाचकांना सांगावयास नको. वास्तविक ही सभा वरिष्ठांना हिशेब देण्यासाठीं नाहींच. ती बरोबरीच्या माणसांनीं आजच्या दिवसाचा बेत आपसांत जुळविण्यासाठीं आहे. काल काय केलें, आज काय करणार, आड काय येतें, असे तीन प्रश्न तींत पूर्वीं ठरलेले असत. या रीतीची जी मूळ मार्गदर्शिका आहे, तिच्या २०२० सालच्या आवृत्तींतून ते तिन्ही प्रश्न काढून टाकण्यांत आले. जुळवाजुळव हवी, ती कशी करावी हें ज्यानें त्यानें ठरवावें. अर्थ न समजतां वेद पाठ करणाऱ्याला यास्काच्या निरुक्तांत भार वाहणाऱ्या खांबाची उपमा आली आहे. यूटाच्या डोंगरावर जमलेल्या सतरा जणांच्या वांट्याला वीस वर्षांच्या आंतच असे पुष्कळ खांब आलेले दिसतात.

खांबांची थट्टा करण्याचा अधिकार मला नाहीं, हें मी जाणून आहें. प्राथमिक शाळेंत जूनमध्यें वार्षिक नियोजन होतें, त्याचें मासिक, मासिकाचें घटकवार, आणि रोज वर्गावर जाण्यापूर्वीं 'टाचण' लिहावयाचें असतें : आज काय शिकविणार, कोणतें साहित्य, कोणते प्रश्न. अतिशय शहाणी योजना. मी मात्र कित्येक वर्षें शनिवारीं दुपारीं बसून सबंध आठवड्याचें टाचण एका बैठकींत लिहीत असें, म्हणजे शिकवून झाल्यावर. अक्षर सुंदर असे. केंद्रप्रमुख पाहत, सही करीत, आणि मी वही मिटीत असें. ज्याच्यासाठीं टाचण असतें तो वर्ग त्या वहींत कधींच नव्हता.

आणि सभांचें म्हणाल, तर मुख्याध्यापक झाल्यावर दर महिन्याच्या शेवटच्या शनिवारीं शिक्षकांची सभा मी घेत असें. परिपत्रकें वाचून होत, वर्गणीचें बोलणें होई, आणि शेवटीं मी विचारीं, "कोणाची कांहीं अडचण ?" हा प्रश्न विचारतांना माझा हात इतिवृत्ताच्या वहीवर असे. वही मिटण्याचा आवाज आणि प्रश्नाचा शेवट हीं दोन्हीं एकदमच होत. एके वर्षीं चौथीच्या वर्गाला एक नवे शिक्षक होते, मुलगेलेसे, अबोल. मार्चमध्यें मीं वर्ग तपासला तों बेचाळीस मुलांपैकीं अकरा मुलांना जोडाक्षरांचें वाक्य वाचतां येईना. मीं त्या शिक्षकांना सर्वांदेखत लागेल असें बोललों. त्यांनीं ऐकून घेतलें आणि हलक्या आवाजांत म्हणाले, "गुरुजी, मी जुलैच्या सभेंत उभा राहिलों होतों. आपण म्हणालां, पुढच्या वेळीं पाहूं." मला तें आठवतहि नव्हतें. मीं रात्रीं घरीं इतिवृत्त काढून पाहिलें. त्यांत लिहिलें होतें : अडचणी नाहींत. अक्षर माझेंच. ते शिक्षक पुढें बदली करून घेऊन गेले. तीं अकरा मुलें पांचवींत गेलीं.

ही गोष्ट मीं सूनबाईला सांगितली, ती बहुधा तिच्या कचेरींतील एका मुलाची हकीकत ऐकून. तो मुलगा सतत आठ दिवस 'कांहीं अडचण नाहीं' म्हणत होता, आणि नवव्या दिवशीं कळलें कीं पहिल्या दिवसापासून तो एकाच ठिकाणीं अडकून पडला आहे. काम लांबलें. पंधरवड्याच्या शेवटीं मागें वळून पाहण्याची जी बैठक होते, तींत चूक कोणाची हा प्रश्न कोणी काढला नाहीं. त्याला सांगतां कां आलें नाहीं, हा प्रश्न काढला. उत्तर असें निघालें कीं महिन्यापूर्वीं त्यानें एकदां अडचण सांगितली तेव्हां एक अनुभवी गडी हंसला होता, आणि हंसणाऱ्याला त्याची आठवणहि नव्हती. नॉर्मन कर्थ या गृहस्थांनीं २००१ सालच्या आपल्या पुस्तकांत अशा बैठकीसाठीं एक संकल्प घालून दिला आहे. काय सांपडेल तें सांपडो. त्या वेळीं प्रत्येकाला जेवढें माहीत होतें, जेवढी शक्ति व साधनें हातीं होतीं, त्यांत त्यानें आपल्याकडून होईल तें चांगलेंच केलें, असें धरून चालावयाचें. बैठकीच्या आरंभीं कित्येक ठिकाणीं तो संकल्प मोठ्यानें वाचतात म्हणे. माझ्या मतें हें सगळ्यांत अवघड कलम आहे. शाळामास्तराला गुन्हेगार सांपडल्याशिवाय तास संपला असें वाटतच नाहीं.

नात सहावींत आहे. आमचीं हीं बोलणीं ती ऐकत असे. तिनें एके दिवशीं जाहीर केलें कीं आपल्या घरीं अशी सभा झाली पाहिजे. आम्ही घरांत नऊ माणसें : माझी आई, मी व सौ., धाकटे बंधु व त्यांचें कुटुंब, चिरंजीव व सूनबाई, पुतण्या आणि ही नात. सकाळीं साडेसातला चहाच्या वेळीं सगळीं क्षणभर तरी एकत्र असतात. आईला अठ्ठ्याऐंशी वर्षें झालीं, म्हणून तिला बसण्याची सवलत मिळाली. बाकीच्यांनीं पेला हातांत घेऊन उभें राहावयाचें. बंधु म्हणाले, "दादा, घराचें कारखान्यांत रूपांतर करावयाचें आहे काय ?" आणि मग पहिल्याच दिवशीं पाण्याच्या टांकीवर एकट्यानें अकरा मिनिटें बोलले. नातीच्या हातांत घड्याळ होतें.

शीतकपाटाच्या दारावर तिनें तीन रकाने आंखले : करावयाचें, चाललें आहे, झालें. प्रत्येक काम एका चिठीवर. हा फलक जपानकडचा. टोयोटाच्या मोटारींच्या कारखान्यांत ताइइची ओनो यांनीं बसविलेल्या रीतींत अशी चिठी कामाबरोबर फिरे. तिला 'कानबान' म्हणतात, म्हणजे पाटी. मुख्य नियम असा, कीं मधल्या रकान्यांत ठराविक संख्येहून अधिक चिठ्या जमूं द्यावयाच्या नाहींत. हातचें संपवावें, मग नवें घ्यावें. पहिल्या आठवड्याच्या अखेरीस मधल्या रकान्यांत चौदा चिठ्या होत्या. त्यांतल्या नऊ माझ्या होत्या. वडिलांच्या पोथ्यांची यादी, पंख्याचें रेग्युलेटर, बँकेचें हयातीचें प्रमाणपत्र. निवृत्त माणूस दिवसभर कांहींना कांहीं करीत असतो, असें मीं सर्वांना सांगत आलों होतों. तें खरेंच होतें, फक्त तें संपत नव्हतें.

भावजयीला मात्र हा फलक फार मानवला. तिनें दुसऱ्या आठवड्यांत रोजच्या कामाची एकेक चिठी लावली. सकाळचें दूध पाहणें, आईंचीं औषधें, कोथिंबीर निवडणें, पुतण्याचा डबा, देवाचीं उपकरणीं घांसणें. रकाना भरून दारावर जागा उरली नाहीं. कोणी कांहीं बोललें नाहीं. पण बंधु दुसऱ्या दिवसापासून दूध आणूं लागले.

सौ. सर्वांत थोडें बोले. तिची पाळी आली कीं म्हणे, "माझें काय ! सगळें ठीक." पेला ओट्यावर ठेवून ती वळे. तीन आठवडे हेंच. मला त्यांत वावगें वाटण्याचें कारण नव्हतें, कारण बेचाळीस वर्षें मी हेंच ऐकत आलों होतों. खटकलें तें सूनबाईला. ती मला म्हणाली, "बाबा, इतकें गुळगुळीत उत्तर आलें कीं मला त्या मुलाची आठवण होते." चहा ओततांना बशींत सांडतो, हें तिनें पाहिलें होतें. तो मलाहि दिसत होता. मीं तो पेल्याचा दोष मानला होता.

दुसऱ्या दिवशीं तिनें सासूबाईंना अडचण विचारलीच नाहीं. विचारलें तें असें : "आई, काल कोणत्या कामाला नेहमींपेक्षां जास्त वेळ लागला ?"

सौ. थोडी थांबली. म्हणाली, "तांदूळ निवडायला."

"कां बरें ?"

"डावीकडचे दिसत नाहींत."

कोणाच्याहि तोंडून शब्द निघाला नाहीं. मीं विचारलें, "कधींपासून ?" ती म्हणाली, "गेल्याच्या गेल्या दिवाळीपासून असेल. रांगोळी काढतांना लक्षांत आलें." नातीनें हातांतलें घड्याळ खालीं ठेवलें.

नेत्रवैद्यांनीं काचबिंदू सांगितला. मोतीबिंदू आणि काचबिंदू हीं नांवें जोडीनें घेतलीं जातात, म्हणून पुष्कळांची समजूत होते कीं दोन्हीं सारखींच. तीं तशीं नाहींत. मोतीबिंदूंत डोळ्यांतलें भिंग गढूळ होतें. तें काढून नवें घातलें कीं बहुधा पुन्हां दिसूं लागतें. काचबिंदूंत बहुतेक वेळां डोळ्याच्या आंतला दाब वाढलेला असतो आणि पाठीमागची मज्जा, जी दिसलेलें मेंदूकडे नेते, ती हळूहळू मरत जाते. दृष्टि कडेकडेनें जाते. दुखत नाहीं, लाल होत नाहीं. एका डोळ्याची उणीव दुसरा भरून काढतो, म्हणून पुष्कळ काळ कळतहि नाहीं. आणि गेलेली दृष्टि परत येत नाहीं. थेंबांनीं दाब खालीं ठेवावयाचा आणि उरलेलें राखावयाचें, एवढेंच हातीं असतें. सौ.चा डावा डोळा जवळजवळ गेला होता. उजव्याची एक कड गेली होती. हा आजार घराण्यांतून येऊं शकतो, म्हणून तिच्या भावंडांना आणि आमच्या चिरंजीवांना लगोलग तपासून घेण्यास सांगितलें. धाकट्या मेहुण्यांच्या डोळ्यांचाहि दाब वाढलेला निघाला. त्यांना तो पत्ताहि नव्हता. त्यांचें बरेंच वेळेवर झालें.

रुग्णालयाच्या बाकावर आम्ही दोघेंच बसलों होतों. तिच्या डोळ्यांत बाहुली मोठी करण्याचें औषध घातलेलें होतें, म्हणून ती पदर कपाळावर ओढून बसली होती. मीं विचारलें, "मला कां नाहीं सांगितलेंस ?" माझा आवाज, मला वाटतें, चौथीच्या वर्गावर चढला होता तसाच चढला असावा. ती बराच वेळ बोलली नाहीं. मग म्हणाली, "अहो, तुम्ही रोज विचारतां, 'ठीक ना ?' त्यांत उत्तर तुमचेंच असतें. मी नुसतें हो म्हणतें."

पुढें माझ्यानें कांहीं बोलवलें नाहीं. इतक्यांत आंतून नांव पुकारलें गेलें. मीं तिला डावीकडून धरली.

त्या महिन्याच्या अखेरीस, रविवारीं, नातीच्या आग्रहावरून मागें वळून पाहण्याची बैठक झाली. ही बसून करावयाची असते. काय बरें झालें, काय बरें झालें नाहीं, आणि पुढच्या फेऱ्यांत एकच कोणती गोष्ट बदलावयाची, ती प्रत्येकानें चिठीवर लिहावयाची. सूनबाईनें तो कर्थ महाशयांचा संकल्प मराठींत करून सांगितला. माझ्या मनांत होतें कीं या घरांत ज्यानें बशींत सांडलेला चहा पाहून पेल्याला दोष दिला त्याला तरी हा संकल्प लागूं नसावा. मीं तसें बोलूनहि दाखविलें. आई इतका वेळ माळ ओढीत होती, ती म्हणाली, "तुझें कौतुक पुरे. तिला बोलूं दे."

सौ.नें चिठी लिहून ठेवली होती. अक्षर मोठें, ओळ उतरती. तींत लिहिलें होतें : 'विचारल्यावर थांबावें.' नांव कोणाचें नव्हतें. नातीनें तरीहि ती कोणाची हें न विचारतां माझ्या रांगेंत लावली. बंधूंनीं चष्मा पुसला. पुतण्या म्हणाला, चिठी अशी हवी कीं झालें कीं नाहीं हें पाहतां यावें. तो अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. त्यावर सौ. म्हणाली, "मला दिसेल."

याला आतां पांच महिने झाले. सकाळची सभा चालू आहे. मध्यंतरीं गणपतीच्या दिवसांत बंद पडली होती, नंतर भावजयीनें ती पुन्हां सुरू केली. पोथ्यांची यादी झाली. पंख्याचें रेग्युलेटर मीं वायरमनला बोलावून बसवून घेतलें. मधल्या रकान्यांत माझ्या आतां दोनच चिठ्या आहेत, त्यांतली एक ती. गेल्या रविवारीं मीं ती काढून हातांत घेतली आणि सौ.ला विचारलें, "ही तिसऱ्या रकान्यांत नेऊं का ?" आणि थांबलों. तिनें बराच विचार केला. म्हणाली, "राहूं द्या अजून तेथेंच."

रात्रीं साडेनऊला थेंब घालावयाचे असतात. ते मी घालतों. दोन औषधें आहेत. दोहोंच्या मध्यें पांच मिनिटें जाऊं द्यावीं लागतात. तेवढा वेळ ती डोळे मिटून बसते आणि दिवसांतलें कांहींबाही सांगते.